जनुकाची साक्ष आणि आपला धंदा

रात्री दोनचा सुमार. म्हशीचे मांस भरलेला टेम्पो नाक्यावर अडवला जातो. चालकाजवळ कत्तलखान्याची पावती असते, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला असतो. कधी त्यातला एखादा कागद घाईत मागे राहिलेला असतो. गाडीभोवती माणसे जमतात. "हे कशाचे मांस?" हा एकच प्रश्न. मालक धावत येतो, शपथा घेतो. पण मांसाची जात शपथेवर ठरत नाही. पंचनामा होतो, माल जप्त होतो, नमुना प्रयोगशाळेकडे जातो. पुढे कधीतरी अहवाल येतो, त्यात 'म्हैस' एवढाच शब्द असतो. तोवर माल खड्ड्यात पुरलेला असतो, टेम्पो ठाण्याच्या आवारात गंजत असतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाकडे वळलेले असते.

अशी हकीकत मांसाच्या धंद्यातल्या लोकांनी ऐकलेली आहे, काहींनी सोसलेली आहे. अशा वेळी आपण नशिबाला बोल लावतो, पोलिसांना लावतो, सरकारला लावतो. त्यात तथ्य नसतेच असे नाही. पण या साऱ्या प्रकरणात निर्णायक शब्द ज्याचा असतो, त्या प्रयोगशाळेतल्या चाचणीविषयी आपल्या व्यापाऱ्याला काय माहीत आहे? ती कशी होते, काय सांगते, काय सांगू शकत नाही, आणि ती आपल्या बाजूने उभी करायची कशी? आमच्या मते आजच्या घडीला हा प्रश्न भावाच्या चढउताराइतकाच महत्त्वाचा आहे.

चाचणी कशी होते?

प्रत्येक प्राण्याच्या पेशीत त्याची वंशावळ लिहिलेली असते. ही लिपी चार अक्षरांची. तिला डीएनए म्हणतात. तिचा मुख्य ग्रंथ पेशीच्या केंद्रात असतो, त्याच्या मोजून दोन प्रती. पण पेशीला ऊर्जा पुरवणारे जे बारीक कण असतात, ज्यांना मायटोकाँड्रिया म्हणतात, त्यांच्यातही एक छोटीशी पोथी असते आणि तिच्या शेकडो-हजारो प्रती एका पेशीत सापडतात. दुकानाची मुख्य खातेवही तिजोरीत असावी आणि बिलांच्या नकला दुकानभर पसरलेल्या असाव्यात, तसा हा प्रकार. तिजोरी जळाली तरी कुठेतरी एखादी नक्कल हाती लागतेच. म्हणून मांस शिजवले, खिमा केला, मसाला लावला, तरी जात ओळखता येते.

हाती लागलेला तुकडा अगदी थोडा असला तरी चालतो. १९८३ मध्ये अमेरिकेतील कॅरी मुलिस यांनी डीएनएच्या तुकड्याच्या नकला काढण्याची रीत शोधली. १९९३ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. यात प्रत्येक फेरीला नकला दुप्पट होतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार. हिशेब करून पाहा, ३० फेऱ्यांनंतर एका तुकड्याच्या १०७ कोटींहून अधिक नकला होतात. मग त्यावरची अक्षरे वाचायची आणि माहीत असलेल्या प्राण्यांच्या अक्षरांशी ताडून पाहायची. मायटोकाँड्रियातील सायटोक्रोम-बी नावाचे जनुक यासाठी फार वापरले जाते. त्यात सुमारे १,१४० अक्षरे असतात आणि गाय, म्हैस, बोकड, मेंढा, डुक्कर, घोडा यांची अक्षरे ठिकठिकाणी वेगळी पडतात.

हे तंत्र केवळ परदेशाचे नाही. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात डॉ. लालजी सिंग आणि डॉ. सुनील कुमार वर्मा यांनी २००३ मध्ये अशी रीत प्रसिद्ध केली की, नमुना कोणत्या प्राण्याचा आहे याचा आधी काहीच अंदाज नसला तरी त्याची ओळख पटावी. मूळ हेतू वन्यप्राण्यांच्या चोरट्या शिकारीचा माग काढण्याचा होता. तीच विद्या आज खाटकाच्या ओट्यावरील मांसालाही लागू पडते. हैदराबादजवळ चेंगीचेर्ला येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची मांस संशोधन संस्था आहे. मांसाची जात ओळखणे हे तिच्या कामांपैकी एक.

आयर्लंडचा धडा

२०१३ च्या जानेवारीत आयर्लंडच्या अन्नसुरक्षा खात्याने बाजारातील २७ गोमांस बर्गरांची डीएनए तपासणी जाहीर केली. वेष्टनावर सगळीकडे गोमांसच लिहिलेले. त्यांपैकी १० मध्ये घोड्याचा अंश सापडला आणि २३ मध्ये डुकराचा. एका नमुन्यात तर मांसाच्या २९ टक्के घोडाच होता. गिऱ्हाईक ते खात होते, दुकानदार विकत होते, कोणाच्या जिभेला पत्ता नव्हता. सारा युरोप हादरला. पुढच्याच महिन्यात ब्रिटनच्या तुरुंगांत मुस्लिम कैद्यांना हलाल म्हणून दिल्या जाणाऱ्या मांसाच्या पदार्थांत डुकराचा डीएनए सापडल्याचे तेथील न्याय खात्याने जाहीर केले आणि त्या पुरवठादाराचा माल बंद केला.

या प्रकरणातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली अशी की, हलालचा शिक्का मारलेल्या मालातही लबाडी किंवा हलगर्जी शिरू शकते आणि ती पकडण्याचे साधन आता उपलब्ध आहे. शिक्का देणाऱ्या संस्थांनी नुसता कागद न पाहता अधूनमधून नमुने तपासून घेतले पाहिजेत. दुसरी गोष्ट अधिक बारीक आहे. त्या २३ नमुन्यांपैकी बहुतेकांत डुकराचा अंश अगदी नगण्य होता. म्हणजे कोणी मुद्दाम मिसळले असेलच असे नाही. एकाच यंत्रात आधी डुकराचे, मग गुराचे मांस फिरले की एवढा अंश उरतो. ब्रिटनमध्ये कारवाईसाठी १ टक्क्याची व्यवहारी मर्यादा धरली गेली. सरकारी अधिकाऱ्याला ती पुरते. मुस्लिम गिऱ्हाइकाला ती कशी पुरेल? त्याला यंत्रच वेगळे हवे. सरकारची मर्यादा आणि आपली मर्यादा एक नाही, तेव्हा आपली मर्यादा आपणच ठरवून पाळली पाहिजे.

इतकी सूक्ष्म चाचणी दुधारी असते, हेही ध्यानात घ्यावे. बोकडाचा खिमा ज्या यंत्रातून काढला त्यातून आधी म्हशीचा खिमा निघाला असेल, तर बोकडाच्या नमुन्यात म्हैस दिसणार. एकाच सुरीने दहा नमुने कापले, तर पहिल्याची खूण दुसऱ्याला लागणार. चाचणी खोटी नसते. नमुना गढूळ असतो.

कारागिरांनीही ऐकावे

हा विषय फक्त खाटीक बंधूंचा आहे असे कोणी समजू नये. मालाची ओळख पटत नाही तेव्हा चोराबरोबर सावालाही अडवले जाते. याची दोन उदाहरणे आपल्या कारागिरांच्याच घरातली आहेत.

काश्मीरची पश्मिना शाल लडाखच्या चांगथांग भागातील शेळीच्या लोकरीपासून होते. शेळी मारावी लागत नाही. लोकर विंचरून काढतात. शाहतूश मात्र तिबेटी हरणाची, म्हणजे चिरूची लोकर. त्यासाठी चिरू मारला जातो, म्हणून १९७९ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला पूर्ण मनाई आहे. दोन्ही लोकरी तलम, दोन्ही शाली डोळ्याला सारख्या. परिणाम असा की शाहतूशच्या संशयावरून अस्सल पश्मिनाचे गठ्ठेही विमानतळावर अडकून पडू लागले. विणणाऱ्याचा काही गुन्हा नाही, पण त्याचा पैसा अडकला, परदेशी गिऱ्हाइकाची मुदत टळली. यावर उपाय म्हणून डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत पश्मिना तपासणीचे केंद्र सुरू झाले. तिथे लोकरीचा तंतू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो, शालीला स्वतंत्र क्रमांक मिळतो आणि प्रमाणपत्र दिले जाते. २०२४ च्या अखेरीस त्याच संस्थेत डीएनए वाचनाची आधुनिक सोयही सुरू झाली. धुतलेल्या, रंगवलेल्या लोकरीत डीएनए फारसा उरत नाही, म्हणून तंतूची तपासणी आणि जनुकाची तपासणी एकमेकींना पूरक ठरतात. ज्या विज्ञानाने चिरू वाचवायचा, त्याच विज्ञानाने विणकराची रोजीही वाचवायची, हा त्यातला मुद्दा.

दुसरे उदाहरण शिसवाचे. सहारनपूरचे लाकूडकाम प्रसिद्ध आहे आणि त्यात मुस्लिम कारागीर मोठ्या संख्येने आहेत. शिसम आपल्याकडे मुबलक आहे. पण जगात त्याच्या कुळातील काही मौल्यवान झाडे तोडून संपत आली. पॉलिश केलेल्या वस्तूवरून कोणते लाकूड कोणत्या झाडाचे, हे जकात अधिकाऱ्याला कळत नाही. म्हणून २०१६ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्या संपूर्ण कुळावरच परवान्याचे बंधन आले आणि जानेवारी २०१७ पासून ते लागू झाले. दुर्मीळ झाडे वाचवण्यासाठी मुबलक झाडाचा कारागीर भरडला गेला. या मालाची निर्यात वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपयांवरून ५०० ते ६०० कोटींवर आली, असे भारत सरकारने २०२२ मध्ये सांगितले. त्याच वर्षी पनामा येथील परिषदेत १० किलोपर्यंतच्या वस्तूंसाठी सवलत मिळाली तेव्हा थोडा श्वास घेता आला. सहा वर्षे गेली ती गेलीच.

जनुक काय सांगत नाही?

आता दुसरी बाजू. प्रयोगशाळेचा अहवाल म्हणजे आकाशवाणी नव्हे. मायटोकाँड्रियाची चाचणी प्राण्याची जात सांगते. तो नर होता की मादी, हे ती सांगत नाही. त्यासाठी वेगळी चाचणी लागते. जनावराचे वय किती, ते ही चाचणी सांगत नाही. जनावर कोणत्या दिवशी आणि कोणत्या राज्यात कापले, हे कोणतेच जनुक सांगत नाही. जबीहा शरीअतप्रमाणे झाला की नाही, हेही डीएनएत लिहिलेले नसते. 'डीएनए तपासलेले, म्हणून हलाल' अशी जाहिरात कोणी केली तर ती अर्धवट आहे असे समजावे. जनुक डुक्कर नाही एवढे सांगेल. बाकीची ग्वाही माणसालाच द्यावी लागते.

महाराष्ट्रात या मर्यादेला फार अर्थ आहे. मार्च २०१५ पासून राज्यात गाईबरोबरच वळू व बैल यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हैसवर्गीय जनावरांवर तशी सरसकट बंदी नाही. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण दोन कलमे रद्द केली. राज्याबाहेर कायदेशीर कत्तल झालेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारे एक, आणि आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करावे असे सांगणारे दुसरे. राज्य सरकारने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. कायद्याच्या खोलात येथे शिरत नाही. त्यासाठी वकील आहेत. सांगायचे एवढेच की, मांस कशाचे याचे उत्तर जनुक देईल, पण कुठले, कधीचे, कोणाकडून घेतले, याचे उत्तर पावतीच देईल. जनुक जात सांगते, गाव सांगत नाही. म्हणून चाचणी आली तरी कागदाची किंमत कमी होत नाही, उलट वाढते.

नमुन्याचेही तसेच. तो कसा घेतला, कशात ठेवला, कोणी मोहोर लावली, किती दिवस उन्हात पडला, यावर अहवालाची किंमत ठरते. नमुना थंड ठेवला किंवा शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवला तर टिकतो. फॉर्मेलिनमध्ये बुडवला तर डीएनए खराब होतो. गाडीतल्या वीस जनावरांच्या मांसातून एकच तुकडा घेतला, तर तो एकाच जनावराची साक्ष देतो, वीस जणांची नाही. जागच्या जागी निकाल देणारे झटपट संचही असतात. ते बहुधा प्रथिनांवर चालतात. ते पहिला अंदाज म्हणून ठीक. शेवटचा शब्द डीएनए चाचणीचाच असावा, असा आग्रह धरणे गैर नाही.

हक्क मागावा, पण आपले घरही झाडावे

२००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात नमुन्याची एक चांगली रीत घालून दिलेली आहे. अन्न निरीक्षकाने घेतलेल्या नमुन्याचे चार भाग होतात. एक सरकारी विश्लेषकाकडे जातो, दोन वरिष्ठ अधिकाऱ्याच्या ताब्यात राहतात आणि व्यापाऱ्याने मागणी केली तर चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवला जातो. दोन अहवाल जुळले नाहीत तर राखून ठेवलेला नमुना वरच्या प्रयोगशाळेकडे जातो. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. मिठाईवाल्याला, तेलवाल्याला हा हक्क मिळतो. नाक्यावर मांसाची गाडी अडवली जाते तेव्हाही हीच रीत का असू नये? नाशवंत मालाच्या बाबतीत तर मुदत याहून कमी हवी. गुन्हेगाराला सोडा असे कोणी म्हणत नाही. निरपराध्याचा माल कुजण्याआधी सत्य कळावे, एवढीच मागणी आहे. ती कोणा एका बिरादरीची मागणी नाही. न्यायाची साधी रीत आहे. हिंदू खाटीक समाजाचे बंधूही याच धंद्यात आहेत, त्यांनाही ती लागू आहे. मांस व्यापाऱ्यांच्या संघटनांनी ही मागणी लेखी, कायद्याच्या भाषेत, आकडे आणि प्रकरणे जोडून सरकारपुढे ठेवावी. मोर्चा एका दिवसाचा असतो. नीट लिहिलेले निवेदन फाइलमध्ये राहते.

पण मागणी करणाऱ्याचे हात स्वच्छ हवेत. बोकडाच्या खिम्यात म्हशीचा खिमा मिसळून बोकडाच्या भावाने विकणारे दुकानदार आपल्यात मुळीच नाहीत, असे छातीवर हात ठेवून सांगता येईल काय? दोन्ही हलाल आहेत, मग बिघडले कुठे, असे म्हणणारेही भेटतात. माल हलाल असेल. पण दाखवायचा एक आणि द्यायचा दुसरा, हा सौदा हलाल कसा? पूर्वी ही लबाडी पकडणे अवघड होते. आता एक तुकडा पुरतो. आणि पकडली गेल्यावर बदनामी एका दुकानाची होत नाही. सगळ्या बाजाराची होते.

तेव्हा काय करावे? आमच्या अल्पमतीला सुचते ते असे. प्रत्येक दुकानदाराला चाचणी परवडणार नाही, म्हणून शहरातील मांस व्यापाऱ्यांच्या तंजीमने एखाद्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेशी वार्षिक करार करावा आणि खर्च वर्गणीतून वाटून घ्यावा. महिन्यातून काही नमुने कोणतीही पूर्वसूचना न देता उचलावेत. ज्याचा माल सलग स्वच्छ निघेल त्याला तसा फलक द्यावा. ज्याचा निघणार नाही त्याला आधी समज, मग दंड. मोठी खेप निघण्यापूर्वी मालाचा लहान नमुना मोहोरबंद करून, तारीख आणि गाडीचा क्रमांक घालून कोल्ड स्टोरेजमध्ये जपून ठेवावा. उद्या वाद झाला तर आपल्याजवळही साक्षीदार असेल. पावती, दाखला, कत्तलखान्याचा शिक्का आणि वाहतुकीचे कागद यांची एक प्रत चालकाजवळ, एक दुकानात आणि एक मोबाइलमध्ये असावी. बोकड आणि म्हैस यांची खिमा यंत्रे वेगळी ठेवावीत. जमत नसेल तर दरम्यान यंत्र खोलून धुवावे. जप्तीची वेळ आलीच तर हुज्जत न घालता एवढेच मागावे की, नमुने प्रत्येक जनावराचे वेगळे घ्या, आमच्यासमोर मोहोर लावा आणि पंचनाम्यात तसे लिहा.

आणखी एक गोष्ट. आपल्या मोहल्ल्यांत आता जैवतंत्रज्ञान शिकलेली मुले-मुली दिसू लागली आहेत. पदवी घेऊन ती नोकरीसाठी वणवण करतात आणि त्यांचे वडील, मामा, चाचा नमुन्याच्या अहवालासाठी वणवण करतात. या दोघांची गाठ घालून देणारे कोणी नाही. ज्या समाजाचा एवढा पैसा मांस, चामडे, लोकर आणि लाकूड यांत गुंतलेला आहे, त्या समाजाच्या व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन एखादी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा का उभारू नये? तिथे सर्व जातिधर्मांच्या व्यापाऱ्यांचे नमुने यावेत, अहवाल कोणाच्या बाजूचा न पाहता खरा द्यावा. तोही एक धंदाच आहे, आणि इज्जतीचा आहे.

वजनकाटा नवा आला तेव्हाही काही दुकानदारांनी कपाळाला आठ्या घातल्या असतील. ज्याचे माप पुरे होते त्याला काट्याची भीती नव्हती. उलट काट्यामुळे त्याचेच गिऱ्हाईक वाढले. जनुकाची चाचणी हा असाच एक काटा आहे. आज तो दुसऱ्याच्या हातात आहे आणि आपण पारड्यात बसलो आहोत. तो आपल्याही दुकानात असावा, ही वेळ आता आली आहे. वाचकांपैकी कोणाच्या शहरात व्यापाऱ्यांनी मिळून अशी काही व्यवस्था केली असेल, तर त्यांनी जरूर लिहावे. ती इतरांच्याही कामी येईल.